मालक बदलले, गाडी टिकली

चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी शेतावर, लष्करात किंवा डोंगरवाटांवर वापरायची. ती कुटुंबाच्या प्रवासासाठी नव्हे, असा एके काळी सर्वसाधारण समज होता. अमेरिकेतील टोलेडो येथे तयार होणाऱ्या जीप वॅगोनियरने तो मोडून काढला.

महायुद्धातील जीपमुळे नावारूपाला आलेल्या विलीज कंपनीची ही निर्मिती. भारतात महिंद्राने जोडणी केलेली जीपही मूळ विलीजचीच. १९५३ मध्ये विलीज कायझर उद्योगसमूहाकडे गेली आणि १९६२ च्या अखेरीस, १९६३ चे मॉडेल म्हणून, वॅगोनियर बाजारात आली. ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी तिला मोटारगाडीसारखे देखणे रूप दिले होते. चारचाकी चालनाबरोबर स्वयंचलित गिअरची सोय, हे त्या काळी नवलच होते.

१९७० मध्ये अमेरिकन मोटर्सने जीपचा व्यवसाय विकत घेतला. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखेच अंतर कापत नाहीत. ती एकमेकांशी घट्ट जखडलेली असतील, तर कोरड्या रस्त्यावर यंत्रणेवर ताण येतो. त्यामुळे चालकाला चारचाकी चालन वेळोवेळी बंद करावे लागे. १९७३ च्या मॉडेलपासून आलेल्या ‘क्वाड्रा-ट्रॅक’ यंत्रणेत हा फरक सामावून घेणारा डिफरन्शियल मध्यभागी बसवला गेला आणि चालकाची ती कटकट संपली.

त्याच वर्षी तेलसंकट कोसळले. वजनदार आणि इंधनखाऊ वॅगोनियरचे भवितव्य धोक्यात आले. १९८४ चे मॉडेल म्हणून कंपनीने वेगळी चॅसिस नसलेली, लहान व हलकी चेरोकी आणली. तरीही सधन ग्राहकांनी जुन्या गाडीची पाठ सोडली नाही. लाकडी नक्षीचा आभास देणारे पट्टे आणि चामडी आसने मिरवत ती ‘ग्रँड वॅगोनियर’ या नावाने विकली जात राहिली. तिचा आराखडा जुनाच असल्याने आर्थिक ओढग्रस्तीतील कंपनीला नव्या खर्चाचा भारही सोसावा लागला नाही.

१९८७ मध्ये क्रायस्लरने अमेरिकन मोटर्स ताब्यात घेतली. त्या व्यवहाराचे मुख्य आकर्षण जीपच होती. मात्र अखेरपर्यंत कार्बोरेटरवर चालणारी ही गाडी काळाच्या मागे पडली होती. १९९१ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

२०२१ मध्ये वॅगोनियर हे नाव नव्या गाडीवर परतले. जुन्या वॅगोनियरने रूढ केलेली कल्पना मात्र कधीच खंडित झाली नव्हती: खडतर वाटेसाठी बनलेली गाडी घरच्या माणसांनाही सुखाने नेऊ शकते.