कुकिंग रेंज की भिंतीतला ओव्हन?

चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता जुनी घरे पाडून नवी उभी राहत आहेत. नकाशा हाती येतो तेव्हा दुकान, गोदाम आणि देवघर यांवर लगेच एकमत होते. चर्चा अडते ती स्वयंपाकघरापाशी. एका पक्षाला मोठी कुकिंग रेंज हवी असते, म्हणजे वर चार-पाच बर्नर, पोटात ओव्हन आणि सारे एका अंगात. दुसऱ्या पक्षाला ओट्यावर हॉब आणि भिंतीतल्या कपाटात छातीच्या उंचीवर वेगळा ओव्हन हवा असतो. हौस मोठी असेल तर एकावर एक असे दोन ओव्हन. जळगावच्या दालनात दोन्ही सारखेच देखणे दिसतात, म्हणून निर्णय दालनात न घेता घरीच घेतलेला बरा.

आपल्या घरात ओव्हनचे काम ते किती? हा प्रश्न प्रथम विचारावा. दिवाळीपूर्वी नानखटाईचे पीठ आणि तूप घेऊन बेकरीत जाण्याची रीत अनेक घरांत होती. परंतु ज्या भट्टीत अंड्याचे पदार्थही भाजले जातात, तेथे आपला जिन्नस द्यावा की नाही, हा संकोच आपल्या घरांतून कायम राहिला. घरच्या ओव्हनची इच्छा बहुधा येथूनच निघते. दुसरे काम बाटीचे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची सर ओव्हनला नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गोवऱ्या पेटवायच्या कोठे? याशिवाय मुलांसाठी अंड्याविना केक. ही सारी कामे मिळून ओव्हन महिन्यातून चार-पाच वेळा तापतो. बर्नर मात्र रोज पेटतात.

बँकेत कारखान्याचे कर्ज मंजूर करताना आम्ही यंत्राची क्षमता पाहत असू, आणि त्याहून अधिक बारकाईने त्या क्षमतेचा प्रत्यक्ष वापर. तोच हिशेब येथे मांडावा. डिसेंबरच्या आरंभी आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. घरात चौविहार पाळणारी वडीलधारी माणसे असतात, दुकानातून मंडळी जेवायला येतात, आणि एखाद्याचे आयंबील असेल तर त्याचे तेला-तुपाविना निराळे शिजते. दीड तासात सगळे उरकायचे. त्या दीड तासात उपयोग होतो तो बर्नरच्या संख्येचा आणि त्यांमधील अंतराचा. साठ सेंटिमीटरच्या रेंजवर चार बर्नर दाटीने बसवलेले असतात. एक मोठे पातेले आणि एक कढई ठेवली की उरलेले दोन नावापुरते राहतात. मांड्यांचे खापर पालथे घालायचे म्हटले तर प्रश्नच मिटला! त्यामुळे रेंज घ्यायचीच असेल तर नव्वद सेंटिमीटरची घ्यावी. पण तिच्यासाठी ओटा तोडावा लागतो, तो दुभंगतो, आणि रेंजची उंची जुन्या ओट्याशी क्वचितच जुळते.

मोठ्या रेंजची कल्पना मुळात थंड देशांतली. स्वीडनचे गुस्ताफ दालेन यांना १९१२ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी 'आगा' ही ओतीव लोखंडाची रेंज तयार केली. ती अखंड तापलेली राहते आणि सोबत घरही ऊबदार ठेवते. स्वीडनमध्ये हा गुण ठरला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या खानदेशात हाच गुण शिक्षा ठरेल. आजच्या गॅसच्या रेंज तशा अखंड तापत नाहीत, तरी खाली ओव्हन आणि वर बर्नर एकाच वेळी चालले की पुढे उभ्या असणाऱ्या बाईच्या पायांना धग लागतेच.

रेंजच्या बाजूने एक गोष्ट निश्चित आहे. तिचा ओव्हन गॅसचा घेता येतो, त्यामुळे वीज गेली तरी बाट्या अर्ध्या कच्च्या राहत नाहीत. भिंतीतले ओव्हन बहुधा विजेचेच असतात. तीन किलोवॅटचा ओव्हन सुमारे १३ अँपिअर प्रवाह ओढतो. त्याला स्वतंत्र वायर आणि सोळा अँपिअरचा सॉकेट हवा, आणि घराचा मंजूर भार पुरेसा आहे की नाही हे महावितरणच्या बिलावर आधीच पाहावे. विजेच्या ओव्हनमध्ये वरून व खालून उष्णता मिळते आणि भाजणे सारखे होते. साध्या गॅस ओव्हनमध्ये ज्योत तळाशी असते, म्हणून बाटी मध्येच उलटावी लागते.

आणखी एक मुद्दा दालनातला विक्रेता सांगणार नाही. शेगडी पेटवण्यापूर्वी पुंजणी फिरवण्याची जयणा आपल्या घरांत आहे. रेंजच्या ओव्हनची ज्योत पत्र्याखाली असते आणि तेथे पुंजणी पोहोचत नाही. अवजड रेंज रोज हलवून तिच्यामागचे झाडणेही शक्य नाही. उंचावरचा ओव्हन दार उघडताच आतून सहज पाहता-पुसता येतो. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठीही तोच योग्य. तापलेला ट्रे वाकून उचलणे साठीनंतर धोक्याचे असते, आणि रेंजचे तापलेले दार नेमके रांगत्या मुलाच्या उंचीवर येते.

माझे मत असे की चांगला रुंद हॉब आणि एकच भिंतीतला ओव्हन घ्यावा. दुसऱ्या ओव्हनवर दरवर्षी फक्त घसारा लागेल. वीस माणसांचे एकत्र कुटुंब असेल आणि वीज वारंवार जात असेल, तर मात्र मोठी रेंज. रेंजचा ओव्हन बिघडून ती बदलावी लागली तर बर्नरही जातात, हे तेव्हा ध्यानात ठेवावे. हप्त्यांवर घेताना 'शून्य टक्के' या शब्दांवर विसंबू नये. प्रक्रिया शुल्क आणि रोखीने मिळणारी पण सोडून दिलेली सूट, ही मिळून व्याजच असते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच अशा योजनांबद्दल बँकांना बजावले होते. आणि पैसे दुकानातून जाणार असले तरी, पसंती जिला रोज तेथे उभे राहायचे आहे तिचीच असावी.

ओव्हन आधी विकत घ्यावा, कपाट नंतर करून घ्यावे. सोबतच्या पत्रकावरील मापे सुताराच्या हाती द्यावीत, मागे हवा खेळण्यास जागा सोडावी, आणि सॉकेट ओव्हनच्या पाठीमागे न बसवता शेजारच्या कप्प्यात बसवावा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी ओव्हन बाहेर न काढताच वीज बंद करता येते.