उलटें गहाण

‘गहाण’ हा शब्द कानीं पडतांच आपल्याकडील वडील मंडळी दचकतात. गहाणांत घरें गेलेलीं पुष्कळांनीं पाहिलीं आहेत. परंतु केंद्र सरकारनें २००८ सालीं अधिसूचित केलेल्या ‘रिव्हर्स मॉर्गेज’ योजनेची चाल उलटी आहे. येथें घरमालक बँकेस हप्ता देत नाहीं. बँकच त्यास देते.

ही सोय वयाचीं ६० वर्षें पूर्ण झालेल्यांकरितां आहे. घर राहतें व स्वकष्टार्जित हवें. वडिलोपार्जित चालत नाहीं. हप्ते फार तर २० वर्षें मिळतात. तथापि पतिपत्नी दोघेंही कर्जदार असल्यास, त्यांपैकीं एक जण हयात असेपर्यंत घर सोडावें लागत नाहीं. पुढें वारसांनीं मुद्दल व व्याज फेडून घर सोडवावें. तें न जमल्यास बँक घर विकते व उरलेली रक्कम वारसांसच देते.

मात्र हें कर्ज आहे, दान नव्हे. प्रत्येक हप्त्यावर व्याज चढतें, आणि त्या व्याजावरही व्याज. शिवाय घरपट्टी, विमा व डागडुजी मालकाच्याच माथीं राहते.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, लाखों रुपयांच्या घरांत राहून औषधाच्या पैशांकरितां मुलांपुढें हात पसरावा, यांत घराण्याची अब्रू नाहीं. ज्यानें घर बांधलें, त्याच्या म्हातारपणास तें प्रथम उपयोगी पडावें. सही करण्यापूर्वीं मात्र मुलां-सुनांस जवळ बसवून सर्व हिशोब मोकळेपणानें सांगावा. वडिलांच्या पश्चात् कर्जाचा कागद प्रथमच हातीं पडला, तर घराबरोबर भावंडांमधील जिव्हाळाही जावयाचा!