बहात्तराव्या हिश्श्याचे विमान

सन २०२५ च्या सप्टेंबरातील २६ तारखेस चंदिगड येथे भारतीय वायुसेनेने मिग-२१ या लढाऊ विमानास निरोप दिला. तो सोहळा आमच्या मांजरसुंब्याच्या घरी सर्वांनी माजघरात बसून दूरचित्रवाणीवर पाहिला. १९६३ साली दाखल झालेले विमान बासष्ट वर्षांनी सेवेतून गेले. आमचे थोरले बंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणते, त्या वेळी काहीच बोलले नाहीत. नाशिकजवळ ओझर येथे जो विमानांचा कारखाना १९६४ साली याच विमानांसाठी उभा राहिला, त्यात त्यांनी पस्तीस वर्षे फिटर म्हणून काम केले आहे. कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि 'पाने घ्या' असे म्हणून ते उठले.

परंतु त्यांच्या चौदा वर्षांच्या नातवाच्या मनात निराळेच काही चालले होते. पुढल्या माघात दादांचे सहस्रचंद्रदर्शन योजिले होते. त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली, आणि उजवीही हळूहळू मंदावेल असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेले. तेव्हा आजोबांस दिसते आहे तोवर त्यांच्या हाती त्यांचे विमान द्यावयाचे, असा संकल्प करून त्याने आपल्या आत्याकरवी एक पेटी मागविली. आमच्या गावाहून धुळे-सोलापूर हा मोठा रस्ता जातो आणि रात्रंदिवस मालमोटारींची रांग लागलेली असते. तरी ही पेटी बीडपर्यंतच आली, व तेथून एस. टी.च्या वाहकाच्या कृपेने घाट चढून घरी पोहोचली.

ज्या वाचकांनी असली पेटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तीत तयार खेळणे नसते. करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी असतात, आणि त्यांस झाडाच्या फांदीस कैऱ्या लागाव्या तसे विमानाचे शेसव्वाशे सुटे भाग चिकटलेले असतात. ते कापावयाचे, घासावयाचे, जोडावयाचे व रंगवावयाचे. प्रमाण बहुधा १:७२, म्हणजे सहा फुटांस एक इंच, आणि या अडनिड्या आकड्याचे कारण एवढेच की हा छंद फूट-इंचांच्या देशात वाढला. प्लॅस्टिकची अशी पहिली विमाने इंग्लंडात १९३६ साली 'पेंग्विन' या नावाने विक्रीस आली. त्यांचे प्लॅस्टिक काही काळाने वाकडे होई. पुढे पॉलिस्टायरीन आले, आणि १९४९ साली एका ट्रॅक्टर कारखान्याच्या जाहिरातीसाठी केलेल्या छोट्या ट्रॅक्टरापासून एअरफिक्सच्या सुट्या भागांच्या पेट्यांचा प्रपंच सुरू झाला. आपल्याकडे पुण्यास कोथरूडात १९९८ पासून लघुरेल्वेचे जे संग्रहालय आहे ते अनेकांनी पाहिले असेल. ते पाहताना आपण गाड्या कशा धावतात हे पाहतो. त्या जुळविताना कोणाचे किती केस पिकले असतील हा विचार आमच्या तरी मनात पूर्वी कधी आला नव्हता.

नातवाने जोडणीस आरंभ केला तो दिवाळीच्या सुट्टीत. अंगणात धाकट्या मुलांचा धारूरचा किल्ला चालला होता आणि आत ओसरीवर हे विमान. किल्ल्याची माती मोठी क्षमाशील. बुरूज ढासळला तर पाण्याचा हात फिरवावा, तट वाकडा आला तर 'तो तसाच होता' म्हणावे. पेटीतल्या विमानास हे औदार्य ठाऊक नाही.

पहिला वैताग भाग हरविण्याचा. चिमट्यात धरलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा किंचित जास्त दाबला की जो उडतो तो पुन्हा दृष्टीस पडत नाही. प्लॅस्टिकच तो, लोहचुंबकासही दाद देत नाही. चाकाच्या खोबणीचे एक झाकण असे उडाले तेव्हा घरातील नऊ माणसे विजेरी जमिनीलगत धरून तासभर ओणवी फिरत होती. शेवटी वहिनींनी कणकेचा गोळा फरशीवर दाबीत दाबीत सारी ओसरी पालथी घातली, आणि झाकण सापडले ते त्यांच्याच पदराच्या चुणीत. त्या दिवसापासून चिमटा चालू असताना केर काढण्यास बंदी झाली, व कामवाल्या मावशींनी आम्हा सर्वांची मनसोक्त कीव केली.

हा वैताग मोठा खरा, पण निदान तो तत्काळ कळतो. या छंदातील असली चीड त्या चुकांची आहे ज्या आज होतात आणि महिन्याने उघडकीस येतात. सूचनापत्रकात अक्षर म्हणून नसते, सारी चित्रे. एका चित्राच्या कोपऱ्यात पंखाच्या खालच्या पत्र्यास आतून भोके पाडण्याची खूण होती. ती पंखाचे दोन्ही पत्रे चिकटविण्यापूर्वी पाडावयाची, कारण पुढे त्यांत अस्त्रे टांगण्याच्या खुंट्या बसतात. नातवाने पंख चिकटवून मोकळे केले. दादांनी पंख उलटा धरला आणि विचारले, 'अरे, कोणते विमान करतो आहेस तू? पहिल्या एफ. एल.ला दोन खुंट्या, पुढच्या एम.ला चार. याला तर एकही नाही.' आता भोके बाहेरून पाडावयाची, ती अदमासाने. दहा सेंटिमीटरांच्या एकूण पंखविस्तारात अदमास केसभर चुकला तरी खुंट्या गुडघे मोडल्यासारख्या दिसतात.

असाच प्रकार वजनाचा. विमान तीन चाकांवर उभे राहावयाचे तर नाकात वजन हवे, नाही तर ते शेपटीवर बसते. आणि धड एकदा मिटले की नाकात काही घालता येत नाही. ही गोष्ट मात्र दादांच्या वेळीच ध्यानात आली. फाट्यावरील सायकलवाल्याकडून सहा छरे आणून ते आत चिकटविले. दादा म्हणाले, 'या विमानाच्या नाकात आम्ही काय काय बसविले, पण सायकलचे छरे आजच पाहतो आहे!'

यापुढील कथा थोडी कटू आहे.

मिग-२१ चे धड म्हणजे एक लांब नळीच. पेटीत तिचे डावा आणि उजवा असे दोन अर्ध येतात, आणि त्यांचा सांधा माथ्यावरून व पोटाखालून नाकापासून शेपटीपर्यंत जातो. खऱ्या विमानावर असा सांधा नाही. म्हणून तो लुकण भरून, घासून नाहीसा करावा लागतो. घासताना शेजारच्या पत्र्यांच्या बारीक रेषाही पुसल्या जातात, त्या सुईने पुन्हा कोराव्या लागतात. त्यातून रंग चंदेरी, कारण प्रारंभीच्या काळात वायुसेनेची ही विमाने पुष्कळशी उघड्या धातूच्या चकाकीचीच होती. इतर रंग दोष झाकतात. चंदेरी रंगासारखा चहाडखोर रंग दुसरा नाही; काचकागदाचा एक ओरखडादेखील तो साऱ्या घराला सांगत सुटतो.

त्यात आमच्याकडील हवा. बालाघाटाच्या माथ्यावर वारा असा की भोवतालच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत, आणि त्या वाऱ्याबरोबर मोठ्या रस्त्याची धूळ. ओला रंग आणि धूळ यांचे सख्य सांगावयास नको. देवघर तेवढे निवाऱ्याचे, परंतु तेथे थिनरचा वास वहिनींस कसा खपावा? अखेर धान्याच्या कोठीची खोली मिळाली. तेथे पौषात एका संध्याकाळी नातवाने विमान चंदेरी केले. माघ जवळ आला म्हणून मधला अस्तराचा हात त्याने गाळला होता. सकाळी खिडकी उघडली तो पाठीवर नाकापासून शेपटीपर्यंत सांधा, जखमेच्या टाक्यांसारखा.

दादांनी विमान उजेडात नेऊन डोळ्याजवळ धरले. त्यांस काय दिसले कोण जाणे. ते इतकेच म्हणाले, 'पुन्हा.' मुलाने दहा आठवडे खपून केलेले काम. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, 'आजोबा, तुम्हांला नीट दिसत तरी कुठे आहे!' आणि पेटी माळ्यावर टाकून निघून गेला.

आठ दिवस घरात विमानाचे नाव निघाले नाही. आम्ही दादांस म्हटले की पोर आहे, एवढे कडक बोलावयास नको होते. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते आमच्या मनात राहिले आहे. ओझरला एक काम झाले की तपासनीस येई, हात फिरवी, शिक्का मारी. त्या शिक्क्यावाचून पुढच्या माणसास त्यास हात लावता येत नसे. 'या पोराला शिक्का मारणारे कोणी नाही. कापणारा तोच, जोडणारा तोच, तपासणारा तोच. आणि तपासणारा घाईत आहे. चूक त्याची नाही, खाते एकहाती आहे.'

त्या रात्री उशिरा कोठीच्या खोलीत उजेड दिसला. आम्ही डोकावून पाहिले तो दादा दिवा लावून बसलेले, पण डोळे मिटलेले. कापणाऱ्या हाताच्या अंगठ्याचे नख ते विमानाच्या पाठीवरून आडवे फिरवीत होते. सांध्यावर नख अडले की तेथे पेन्सिलीची खूण. डोळ्यांस न दिसणारी पायरी नखास लागते, ही गोष्ट प्रत्येक फिटरास ठाऊक असते. आम्हांस ती सत्तरी उलटल्यावर कळली. सकाळी नातवास विमान माळ्याऐवजी आपल्या टेबलावर मिळाले, पाठीवर सतरा खुणा केलेले.

तो काही बोलला नाही. स्पिरिटाने रंग उतरविला, खुणांवर लुकण भरले, घासले आणि दादांपुढे धरले. दादांनी नख फिरविले: 'इथे अडते.' पुन्हा घासले. 'इथे.' तिसऱ्या दिवशी 'चालेल' हा शब्द मिळाला, तेव्हा अस्तर लागले. अस्तरावरून पुन्हा नख, आणि मग चंदेरी.

उरलेल्या अडचणी त्या मानाने किरकोळ, तरी दोन नमूद करतो, कोणाच्या उपयोगी पडतील. वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक छत झटपट चिकटणाऱ्या डिंकाने कधीही बसवू नये. त्याची वाफ हवेतील ओलाव्याशी मिळून काचेवर पांढरी साय धरते. आमच्या छताचे तसे झाले; दंतमंजनाच्या मलमाने तासभर चोळून ते बरेचसे निवळले, व लाकूडकामाच्या पांढऱ्या डिंकाने बसले. दुसरी अडचण पाण्याने सरकवावयाच्या चित्रांची. केशरी-पांढऱ्या-हिरव्या चक्राचा पापुद्रा कांद्याच्या सालीहून पातळ, आणि पंखावर ठेवला की स्वतःभोवतीच गुंडाळतो. एक चक्र असे कायमचे वाया गेले. उरलेली वहिनींच्या व्हिनेगराचा थेंब लावून पत्र्याच्या रेषांत बसविली. खराब झालेल्या चक्राची जागा पोटाखालच्या बाजूस आहे, म्हणून ती गोष्ट आमच्या घरात व या पानावरच राहील.

सर्वांत शेवटी नाकाची नळी. उडताना हवेचा दाब घेऊन वेग सांगणारी ही नळी खऱ्या विमानावर भाल्यासारखी पुढे आलेली असते. पेटीतील ती दोरा जाड म्हणावा इतकी बारीक. ती कापतानाच एकदा मोडली, जोडली, बाहीस अडकून पुन्हा मोडली. दादांनी औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची कोरी सुई आणविली, तिचे टोक कानशीने बोथट केले, आणि नातवाने नाकास भोक पाडून ती बसविली. या वेळी भोक आधी पाडले, आणि दादांच्या नखाखालून गेल्यावरच.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी विमान चौरंगाशेजारी पाटावर ठेवले होते. ओझरचे दादांचे दोन जुने सोबती आले होते. त्यांनी ते उचलून प्रथम पोटाकडूनच पाहिले, तेव्हा चक्राचे गुपित तेथेच फुटले. दादांनी ते हातात घेतले, पाठीवरून एकवार नख फिरविले आणि 'बघा हो' म्हणून सोबत्याच्या हाती दिले. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत ते असे हातोहात फिरले. संध्याकाळी पाहतो तो नाकावरची सुई काटकोनात वाकलेली.

कोणी वाकविली त्याचा शोध लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी नातवास दुकानातून आणखी दोन सुया आणावयास पाठविले.