घर हीच पहिली शाळा : कॅथलिक कुटुंबांतील गृहशिक्षण आणि आपण

आपल्या मंडळातील कितीतरी घरांतली मुले कॅम्पियनमध्ये किंवा सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमध्ये शिकली. त्यामुळे भोपाळच्या मराठी माणसाला 'कॅथलिक' म्हटले की आधी शाळाच आठवते. गणवेश, शिस्त, इंग्रजी. याच समाजातली काही कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात, हे ऐकून म्हणूनच नवल वाटते. ती असे का करतात, त्यांचा दिवस कसा जातो आणि त्यात आपल्यासाठी काय आहे, ते येथे थोडक्यात मांडत आहे.

विचार कुठला?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणाविषयी घोषणापत्र काढले. आई-वडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत, असे त्यात सांगितले आहे. 1983 च्या धर्मसंहितेनेही शब्दाने आणि स्वतःच्या आचरणाने मुलांना श्रद्धेचे शिक्षण देण्याचे कर्तव्य सर्वांआधी पालकांवर टाकले. शाळा आणि चर्च मदतीला आहेत, पण मूळ जबाबदारी घराची. बहुतेक कॅथलिक पालक मुलांना शाळेत पाठवूनच हे कर्तव्य पार पाडतात. काहींनी मात्र सगळेच शिक्षण घरी आणले. अमेरिकेत ही चळवळ विशेष वाढली. 1980 पासून तेथे कॅथलिक कुटुंबांना घरपोच अभ्यासक्रम पुरवणाऱ्या संस्था निघाल्या आणि 1993 पर्यंत सर्व 50 राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले. भारतात अशी कुटुंबे मोजकीच आहेत.

दिवस कसा जातो?

दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते. मग गणित, भाषा, विज्ञान. अवघड विषय सकाळी, ताज्या डोक्याने. मोठे भावंड धाकट्याचे पाढे घेते. दुपारी बाराला काम थांबवून मरियामातेची छोटी प्रार्थना होते. जेवणानंतर वाचन, बागकाम, स्वयंपाकघरातली मदत. पीठ मोजताना अपूर्णांकही शिकवले जातात. संध्याकाळी सगळे घर एकत्र बसून रोजरी म्हणते. हातात जपमाळ, पाच दशके, प्रत्येक दशकात दहा वेळा 'नमो मरिया'. साधारण वीस मिनिटे लागतात.

वर्षालाही असाच ठेका असतो. नाताळाआधी आगमनकाळात दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. आपल्याकडे चातुर्मास आणि सणवार मुलांना न शिकवताच कळतात, तसेच हे.

किंमतही मोठी

आई किंवा वडील यांपैकी एकाला नोकरी सोडावी लागते, म्हणजे घरात एकच पगार. मुलांना बरोबरीचे सवंगडी मिळावेत म्हणून खेळ, संगीत, चर्चमधले धर्मशिक्षणाचे वर्ग अशी वेगळी सोय करावी लागते. शाळेत दहा शिक्षकांपैकी एखादा तरी मुलाची आवड ओळखतो; घरी तेही पालकांनाच करावे लागते.

कायद्याचा प्रश्नही आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांना शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानतो. गृहशिक्षणाला त्यात वेगळी मान्यता नाही. पालकांना शिक्षेची तरतूदही नाही. पुढच्या टप्प्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, उपयोगी पडते. वयाची 14 वर्षे पूर्ण झाली की दहावीला नोंदणी करता येते. पाच वर्षांत 9 संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण खात्यावर जमा राहतात. येथे भाषा विषय म्हणून मराठीही घेता येते, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

वसईचा दाखला

कॅथलिक आणि मराठी हे दोन शब्द एकत्र आले की वसई आठवायलाच हवी. तेथे पोर्तुगीज अंमल 1534 पासून होता. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तो संपला. राज्य गेले, तरी तेथील शेतकरी-बागायतदार कुटुंबांची श्रद्धा टिकली. ती टिकवण्यात स्थानिक धर्मगुरूंइतकाच घरातल्या प्रार्थनेचा आणि वाडीवाडीतल्या क्रुसांचा वाटा आहे. याच घरांत सामवेदी, म्हणजे कादोडी, ही बोलीही टिकली. ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हती, आजी-आजोबांच्या तोंडी होती. या भूमीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले आणि 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले.

वसईची मुले शाळेत जात होती आणि आजही जातात. तेव्हा गृहशिक्षण म्हणजे शाळा सोडणेच, असे नाही. शाळा जे देऊ शकत नाही ते घराने नेमाने देणे, हा त्याचा गाभा आहे.

आपल्याला काय घेता येईल?

आपल्या नातवंडांना शाळेतून काढा, असे मी म्हणणार नाही. पण भोपाळमध्ये मराठी कुठे शिकली जाणार, याचे उत्तर आपण द्यायला हवे. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी. आपली मुले मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. त्यांची मुले समजतील की नाही, हा प्रश्न आहे. गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि मंडळाचे चार कार्यक्रम हा भार एकट्याने उचलू शकत नाहीत.

रोजरीला वीस मिनिटे लागतात, असे वर म्हटले. बँकेच्या सवयीने हिशेब केला. रोज वीस मिनिटे म्हणजे वर्षाला सुमारे 121 तास, दहा वर्षांत 1,200 तासांहून अधिक. आवर्ती ठेवीसारखेच हे. हप्ता लहान, पण चुकवायचा नाही. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणून झाले की टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून एक गोष्ट मराठीत वाचावी. जेवताना फक्त मराठी बोलावे. चूक झाली तर हसू नये, कारण हसल्यावर मूल हिंदीकडे वळते. मोठ्या नातवाला धाकट्याचा मास्तर करावे. आणि मुख्य म्हणजे आपण मोठ्यांनी आपसात मराठीच बोलावे.

कॅथलिक घरांत आई-वडील स्वतः गुडघे टेकतात, म्हणून मुले टेकतात. भाषेचेही तसेच आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा नेम आधीपासून आहे, त्यांनी तो कसा सांभाळला ते मंडळाच्या पुढच्या बैठकीत जरूर सांगावे. तरुण आई-वडिलांना त्याचा उपयोग होईल.