पिलाला लावायचे वळण

कुत्र्याचे पिलू घरात आले की पहिली तक्रार फरशीविषयी होते, आणि बहुतेक घरांत तिचा निकाल पिलाचे नाक त्याच्याच लघवीत घासून किंवा वर्तमानपत्राची सुरळी त्याच्या पाठीवर मारून लावला जातो. हा शिरस्ता किती क्रूर आणि किती निरुपयोगी आहे याची खात्री, आमच्याकडे वाढलेल्या एका गावठी पिलाचा दिनक्रम जवळून न्याहाळताना मला पटत गेली.

अडीच महिन्यांच्या पिलाचा मूत्राशय अजून त्याच्या हुकमतीत आलेला नसतो. वयाच्या दर महिन्यास एक तास एवढाच त्याचा धीर, असा जाणकारांचा स्थूल हिशेब आहे. म्हणून सारे कौशल्य वेळ ओळखण्यात आहे. झोपेतून उठल्यावर, खाणे झाल्यावर थोड्या वेळाने, आणि खेळाचा भर ओसरू लागला की ती वेळ हमखास येते. खेळता खेळता पिलू एकाएकी थबकते, तोंडातली चिंधी टाकते, नाक जमिनीला लावून घिरट्या घालते आणि मागचे पाय किंचित दुमडू लागते. या खुणा आणि प्रत्यक्ष कृती यांत क्षणांचेच अंतर असल्यामुळे, ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याने हातातले काम तसेच टाकून उठले पाहिजे. आम्ही त्याला मागच्या दाराने परसातल्या पेरूखाली नेत असू. दार तेच, झाड तेच आणि ‘चल, बाहेर’ हे शब्दही तेच, कारण मातीत राहिलेला स्वतःचाच वास पिलाला त्या जागेचे प्रयोजन सांगतो. तेथे त्याच्याशी खेळायचे नाही, पावसाळ्यात छत्री धरून का होईना, नुसते उभे राहायचे. आणि काम उरकताच त्याच जागी भाकरीचा तुकडा व शाबासकी द्यायची. घरात परतल्यावर दिलेले बक्षीस हे त्याच्या लेखी घरात परतण्याचे बक्षीस ठरते. रात्री ते उशाशी ठेवलेल्या खोक्यात निजे. निजण्याची जागा पिले शक्यतो घाण करीत नाहीत, तेव्हा त्याचे कुईकुई हाच तगादा समजून आम्ही उठत असू.

घरात झालेच, तर न बोलता पुसून टाकावे. ओरडल्याने पिलू एवढेच शिकते की माणसासमोर हे करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली, दाराआड उरकू लागते आणि परसातही आपल्यादेखत करायला कचरते. कान पाडून, अंग चोरून बसलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवून ‘बघा, त्याला गुन्हा कळतो’ असे सांगितले जाते. परंतु अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषींनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ती मुद्रा कुत्र्याने कसूर केली की नाही यावर नव्हे, तर धनी रागावला की नाही यावर अवलंबून असल्याचे आढळले. पुसण्यासाठी अमोनियाचा वास असलेले द्रव मात्र वापरू नये. शिळ्या लघवीलाही तोच वास येतो, आणि ती जागा आपल्यासाठी मुक्रर झाली आहे असे पिलाला वाटते.

चावण्याचे प्रकरण याहून नाजूक. दुधाचे 28 दात सुईसारखे तीक्ष्ण असतात आणि साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात. तोवर हात, चपला, साडीचा काठ, सारे तोंडात घेणे ही पिलाची गरजच असते. दात रुतताच खेळ थांबवावा, हात काढून पाठ फिरवावी, आणि ते शांत झाल्यावर गाठी मारलेले फडके पुढे करावे. हीच शिक्षा त्याला पूर्वी मिळालेली असते: जोराने चावणाऱ्याशी भावंडे खेळणे सोडतात आणि आई उठून निघून जाते. पाच आठवड्यांचे पिलू टोपलीत घालून आणणारा माणूस हे शिक्षण अर्ध्यावर तोडतो आणि पुढे त्याच पिलाला चावरे म्हणून बोल लावतो. म्हणून पिलू पाळू इच्छिणाऱ्यांस माझी कळकळीची विनंती आहे, की आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत त्याला आईपाशीच राहू द्यावे.