विश्लेषण : केस जसे उगवतात तसेच ठेवायचे, तर त्याला कायदा कशाला लागतो?

३१ ऑगस्ट २०२३. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळच्या एका शाळेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला केसांमुळे नेहमीच्या वर्गातून बाहेर काढले. त्याने ‘लॉक्स’ ठेवले होते, म्हणजे केसांचे दोरीसारखे पक्के पीळ. ते डोक्यावर नीट बांधून, पिना लावून तो शाळेत येत असे. शाळेचे म्हणणे होते, की हे पीळ सोडले तर ते कानाच्या पाळीच्या आणि कॉलरच्या खाली येतील आणि मुलग्यांना एवढे लांब केस ठेवायला मनाई आहे.

दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबरला, केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा त्याच राज्यात लागू झाला. तरीही त्या मुलाचे बहुतेक शैक्षणिक वर्ष नेहमीच्या वर्गाबाहेरच गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली. कायदा केसांच्या ठेवणीला संरक्षण देतो, लांबीला नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

हे वाचून आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ‘शाळा म्हटली की नियम आलेच’ अशी येऊ शकते. तेल लावून चापूनचोपून घातलेल्या दोन वेण्या आणि रिबिनी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी सोसल्या आहेत. पण तो नियम पाळायला एक कंगवा पुरतो आणि संध्याकाळी घरी आल्यावर वेणी सोडता येते. लॉक्स संध्याकाळी सोडता येत नाहीत. ते कापावेच लागतात आणि पुन्हा तेवढे वाढायला काही वर्षे जातात.

‘नॅचरल हेअर’ म्हणजे नक्की काय?

या शब्दाचा अर्थ ‘केसांना काहीच न लावणे’ असा नाही. रसायनाने कायमचे सरळ न केलेले केस, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना तेल, क्रीम, पाणी सगळे लागते. किंबहुना सरळ केसांपेक्षा जास्तच लागते आणि त्याचे कारण केसांच्या घडणीत आहे.

केस केरॅटिन या प्रथिनाचा असतो आणि ते सगळ्या माणसांत एकच असते. फरक आकाराचा आहे. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल असतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा केस छेदात चपटा, लंबगोल दिसतो आणि तो ज्या मुळातून उगवतो ते मूळच त्वचेखाली वळलेले असते. त्यामुळे केस स्प्रिंगसारखा गुंडाळत बाहेर येतो. टाळूतून सुटणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून आपोआप टोकापर्यंत उतरते. स्प्रिंगच्या प्रत्येक वळणावर मात्र ते अडते. परिणामी टाळू तेलकट, पण टोके कोरडी. शिवाय एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती वाकल्या जागीच तुटते, तसे या केसाचे प्रत्येक वळण हा कच्चा दुवा असतो.

दिसायला दणकट आणि दाट वाटणारे हे केस प्रत्यक्षात सर्वांत नाजूक असतात, हे बहुतेकांना माहीत नसते. ते ‘वाढत नाहीत’ हाही गैरसमज आहे. ओढून धरल्यावर खांद्याखाली पोहोचणारा केस सोडला की आक्रसून कानापाशी येतो. याला ‘श्रिंकेज’ म्हणतात.

धुण्याचा दिवस

आपल्याकडे पूर्वी आठवड्यातून एकदा शिकेकाईने न्हाण्याचा वार ठरलेला असे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरांत ‘वॉश डे’ असतो आणि तो खरोखरच बराचसा दिवस खातो. रोज धुतले तर उरलेसुरले तेलही जाईल, म्हणून आठवड्यातून किंवा दोन आठवड्यांतून एकदा. केसांचे चार-सहा भाग करायचे, प्रत्येक भाग ओला करून भरपूर कंडिशनर लावायचा आणि मग बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या फणीने गुंता सोडवायचा. सुरुवात टोकापासून करायची आणि हळूहळू मुळाकडे जायचे. कोरड्या केसांत वरून खाली कंगवा घातला तर केस तुटून हातात येतात.

त्यानंतर आधी पाणी किंवा पातळ लोशन, मग तेल, मग क्रीम. पाणी ओलावा देते, वरचे दोन थर तो धरून ठेवतात. पश्चिम आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांपासून काढलेले शिया बटर या कामासाठी फार लोकप्रिय आहे.

मग केस बसवायचे. रोजच्या वापरातला सोपा प्रकार ‘ट्विस्ट-आऊट’. ओल्या केसांच्या दोन-दोन बटांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा, रात्रभर वाळू द्यायचे, सकाळी पीळ उकलायचे. केस पीळदार, फुललेले आणि एकसारखे दिसतात. यामागे साधे रसायनशास्त्र आहे. केसाच्या आतले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. पाऊस पडला किंवा हवा दमट झाली की सगळी मेहनत वाया. मुंबईत जुलै महिन्यात केस सेट करून बाहेर पडलेल्या कुणालाही हे दुःख कळेल.

झोपताना डोक्यावर सॅटिनची टोपी घालतात किंवा उशीला सॅटिनचा अभ्रा लावतात. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि घर्षणाने केस तोडतो. ही टोपी म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. तिच्यामुळे वॉश डेची मेहनत आठवडाभर टिकते.

ज्यांना रोज वेळ नाही, त्यांच्यासाठी ‘संरक्षक’ केशरचना आहेत. टाळूला चिकटून ओळीत जाणाऱ्या वेण्या म्हणजे कॉर्नरो. चौकोनी भाग पाडून घातलेल्या सुट्या वेण्या म्हणजे बॉक्स ब्रेड्स. त्यांत बहुधा कृत्रिम केसही गुंफतात. बॉक्स ब्रेड्स घालायला सहा-आठ तास लागू शकतात, पण मग पुढचे दीड-दोन महिने फणी लागत नाही. चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘अमेरिकाना’ ही २०१३ची कादंबरी नेमकी इथून सुरू होते. नायिका केवळ वेण्या घालून घेण्यासाठी प्रिन्स्टनहून रेल्वेने ट्रेंटनला जाते, कारण ती राहते त्या गावात तिचे केस हाताळणारे कुणी नाही.

यात एक धोका आहे आणि तो सांगायलाच हवा. वेण्या फार घट्ट घातल्या, तर कपाळाजवळचे आणि कानशिलावरचे केस मुळापासून सैल होऊन गळतात. याला ‘ट्रॅक्शन अलोपेशिया’ म्हणतात. वेळीच थांबवले तर केस परत येतात, वर्षानुवर्षे चालू राहिले तर येत नाहीत. वेणी घातल्यावर दुखत असेल, डोक्यावर पुटकुळ्या येत असतील, तर ती वेणी सोडायची. हा सल्ला आपल्याकडे घट्ट अंबाडा बांधणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे.

लॉक्स म्हणजे जटा का?

मराठी वाचकाचा इथे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात केसांत जट झाली की ती देवीची खूण मानून कापायची नाही, धुवायची नाही, अशी अंधश्रद्धा आहे. तिच्यापायी अनेक बायकांनी मानेचे आणि डोक्याचे दुखणे सहन केले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन, समजूत घालून जट कापतात, ते याचसाठी.

लॉक्सचे तसे नाही. ते ठरवून, भाग पाडून, पीळ देऊन वाढवलेले असतात. ते नियमित धुतात आणि वाढलेली मुळे दर काही आठवड्यांनी पुन्हा वळून घेतात. काहींसाठी, उदाहरणार्थ रास्ताफारी पंथीयांसाठी, त्यात धर्मभावना आहे. बाकी अनेकांसाठी तो केस न तोडता वाढवण्याचा सोयीचा मार्ग आहे. मुख्य म्हणजे ठेवायचे की कापायचे, हे ज्याचे केस तोच ठरवतो.

सरळ करण्याची सक्ती कुठून आली?

१७८६ साली लुईझियाना स्पेनच्या ताब्यात होते. तिथला गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढले, की स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस फडक्याने झाकावेत. त्यांच्या केशरचना जास्तच लक्ष वेधून घेतात, ही तक्रार. बायकांनी हुकूम पाळला, पण रंगीबेरंगी, झोकदार फडकी बांधून.

पुढे गुलामगिरी गेली तरी नोकरी, शाळा, समाज सगळीकडे ‘नीटनेटके’ म्हणजे ‘सरळ’ हे समीकरण राहिले. आधी तापवलेली लोखंडी फणी, मग ‘रिलॅक्सर’ नावाचे रसायन. अनेक रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असते, म्हणजे तुंबलेला पाइप मोकळा करायला वापरतात तोच कॉस्टिक सोडा. तो केसाच्या आतले गंधकाचे बंध कायमचे तोडतो. मुळाशी नवा केस मात्र कुरळाच उगवतो, म्हणून दर दोनेक महिन्यांनी पुन्हा तेच. टाळू भाजणे हा त्यातला नेहमीचा अनुभव. लहान मुलींसाठीही ही उत्पादने निघाली.

दक्षिण आफ्रिकेत तर केसांवरून माणसाचा ‘वंश’ ठरत असे. वर्णभेदाच्या काळात अधिकारी केसांत पेन्सिल खोचून पाहत. ती घसरून पडते की अडकून राहते यावर माणूस कोणत्या गटात मोडतो, हे ठरू शके. ती राजवट गेल्यावर दोन दशकांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, प्रिटोरियाच्या मुलींच्या एका नामांकित शाळेत विद्यार्थिनींना आफ्रो केसांवरून बोलणी खावी लागली. त्यांनी निदर्शने केली, त्यांत पुढे होती १३ वर्षांची एक मुलगी. प्रांताच्या शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर शाळेचा केसांबाबतचा नियम स्थगित झाला.

रसायनाचा प्रश्न केवळ अस्मितेचा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३३,४९७ महिलांची सुमारे ११ वर्षे पाहणी झाली. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या महिलांपैकी १.६४ टक्के जणींना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होईल, असा अंदाज निघाला. वारंवार वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४.०५ टक्के होते. रसायनामुळेच कर्करोग होतो, असे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही आणि धोका वाढूनही आजार दुर्मीळच राहतो. पण रसायन वापरणाऱ्यांत सुमारे ६० टक्के महिला कृष्णवर्णीय होत्या, म्हणजे भार कुणावर आहे ते उघड आहे.

या बाजारपेठेला आपल्याकडचाही धागा आहे. तिरुमलाला नवस फेडताना अर्पण केलेल्या केसांची लांबीनुसार प्रतवारी होते, देवस्थान त्यांचा लिलाव करते आणि त्यातले कितीतरी केस विग व जोडकेस बनून पाश्चात्त्य देशांत विकले जातात. विनोदवीर ख्रिस रॉक यांच्या ‘गुड हेअर’ या २००९च्या माहितीपटात हा प्रवास दिसतो. सरळ, लांब, रसायन न लावलेले भारतीय केस तिथे ‘चांगले केस’ म्हणून महाग. 

कायद्यात काय आहे?

१९८१ साली विमान कंपनीतल्या एका कृष्णवर्णीय कर्मचारी महिलेने कॉर्नरोवरच्या बंदीविरुद्ध दावा लावला आणि ती हरली. न्यायालयाचा युक्तिवाद असा, की त्वचेचा रंग बदलता येत नाही, वेणी बदलता येते. वर असेही नमूद झाले, की एका गोऱ्या अभिनेत्रीने सिनेमातून ही वेणी लोकप्रिय केल्यानंतर त्या महिलेने ती घातली. आफ्रिकेत ही वेणी हजारो वर्षे घालतात, हे बाजूलाच राहिले.

हे तर्कट मोडायला ३८ वर्षे लागली. जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने ‘क्राऊन कायदा’ केला आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट यांवरून होणारा भेदभाव हा वंशभेदच आहे, असे लिहून ठेवले. त्यानंतर २० हून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. देशपातळीवरचे विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात २३५ विरुद्ध १८९ मतांनी मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडकले. फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहानेही मार्च २०२४ मध्ये असेच विधेयक मंजूर केले. लांबीची पळवाट किती मोठी आहे, ते टेक्सासने दाखवले आहे.

कायद्याबाहेरचा एक नियम अमेरिकेत, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवलेला बरा. सहकाऱ्याचे केस कितीही सुंदर वाटले तरी हात लावायचा नाही आणि ‘लावू का?’ असेही विचारायचे नाही. हा प्रश्न त्यांना लहानपणापासून इतक्यांनी विचारलेला असतो, की गायिका सोलांजने २०१६ मध्ये त्यावर अख्खे गाणेच केले. ‘छान दिसताहेत’ एवढे पुरे.

यंत्रे कुणाच्या केसांसाठी?

२०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या तोंडावर, आफ्रो केस मावतील अशा मोठ्या ‘सोल कॅप’ या पोहण्याच्या टोपीला जागतिक जलतरण संघटनेने परवानगी नाकारली. ती डोक्याच्या नैसर्गिक आकाराप्रमाणे नाही, हे कारण. बरीच टीका झाल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

टोपीशिवाय माणसाचे चालते, ईईजीशिवाय चालेलच असे नाही. फिट येणाऱ्या रुग्णाच्या मेंदूतील विद्युत हालचाल या तपासणीत नोंदवतात आणि त्यासाठी इलेक्ट्रोड टाळूला नीट टेकावे लागतात. दाट, स्प्रिंगसारखे केस ते वर ढकलतात, संकेत बिघडतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकणाऱ्या आर्नेल एटिएनने प्रा. पुलकित ग्रोव्हर यांच्या प्रयोगशाळेत यावर उत्तर शोधले. इलेक्ट्रोड जिथे बसवायचे त्या रेषा मोकळ्या राहतील अशा बेताने कॉर्नरो घालायच्या आणि वेण्यांखाली अडकणाऱ्या चिमट्यांनी इलेक्ट्रोड टाळूवर दाबून धरायचे. वेणीच इलेक्ट्रोडला आधार देते. २०२० मध्ये पुढे आलेल्या या चिमट्यांचे नाव ‘सेव्हो’, हैतीच्या क्रिओल भाषेत मेंदू. ते वापरायचे तर ईईजी तंत्रज्ञाला आधी कॉर्नरो घालायला शिकावे लागते.