न्यूयॉर्क ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशी नोकरीस आहेत. घरातील वडीलधारे माणूस प्रभूघरी गेले, की प्रश्न उभा राहतो : मुलगा अमेरिकेहून निघाला आहे, तर अंत्यविधीची मिस्सा कधी ठेवावी? "पंधरा तासांचे विमान आहे, फादर," एवढ्याच माहितीवर वेळ ठरली, तर मुलगा दफनभूमीत पोहोचेपर्यंत माती लोटलेली असण्याचा धोका असतो. म्हणून हा हिशेब समजून घेणे हिताचे आहे.

न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ व मुंबई विमानतळ यांमधील सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवली, तर ही वाट उत्तर आफ्रिका व अरबस्तानावरून जाते असे दिसते. परंतु पृथ्वी गोल आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा. तो ग्रीनलँडचे दक्षिण टोक, नॉर्वे, रशिया व अफगाणिस्तान यांवरून जातो. हीच सर्वांत जवळची वाट होय.

मोठे विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने चौदा तास होतात. मात्र प्रत्यक्ष वेळ दोन कारणांनी बदलते. पहिले कारण वारा. उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यामुळे मुंबईकडे येणारे विमान बहुधा लवकर पोहोचते आणि न्यूयॉर्ककडे जाणाऱ्यास अधिक वेळ लागतो. दुसरे कारण बंद आकाश. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर अनेक पाश्चात्त्य कंपन्यांच्या विमानांना रशियावरून जाणे बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. अशा वेळी वळसा पडतो आणि प्रवास लांबतो.

खरी चूक होते ती घड्याळात. भारताची वेळ न्यूयॉर्कच्या पुढे आहे. हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ तास. समजा, हिवाळ्यात मुलगा शुक्रवारी दुपारी १२ वाजता तेथून थेट विमानाने निघाला. त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. साडेचौदा तासांच्या प्रवासानंतर तो शनिवारी दुपारी १ वाजता मुंबईस उतरेल. दुपारचे १२ आपलेच धरून मोजणाऱ्यास मात्र तो पहाटे अडीचला येईल असे वाटते! पुढे पासपोर्टची तपासणी, सामान आणि वसईपर्यंतचा रस्ता यांसाठी आणखी तीन तास तरी धरावेत. वाटेत विमान बदलायचे असेल, तर तेथील थांबा वेगळा मोजावा.

म्हणून "किती तासांचे विमान?" असे विचारू नये. "भारतीय वेळेप्रमाणे कोणत्या वारी, किती वाजता मुंबईस उतरणार?" असे विचारावे, तिकिटावरील वेळ पाहावी आणि मगच धर्मगुरूंशी बोलून मिस्सा ठरवावी. आईवडिलांचे अखेरचे दर्शन पुन्हा घडत नाही.